काचगृहातील वनस्पती आणि वैद्याची दृष्टी

वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी या चिकित्सेच्या चार पादांपैकी द्रव्य या पादाचा विचार आपल्या संमेलनांत सर्वांत कमी होतो, असे आम्हांस वाटते. निदानावर परिसंवाद होतात, पंचकर्माच्या कार्यशाळा भरतात, नव्या कल्पांची माहितीपत्रके वाटली जातात. परंतु ज्या वनौषधींवर हा सर्व व्यवहार उभा आहे त्या जिवंत स्थितीत कशा दिसतात, कोठे वाढतात, कधी फुलतात, याची चर्चा सहसा कोणी काढीत नाही. विद्यार्थिदशेत द्रव्यगुणाच्या सहली झालेल्या असतात, वाळलेली पाने चिकटवून वही सादर केलेली असते. परीक्षा संपते आणि वही माळ्यावर जाते. त्यानंतर वैद्याचा वनस्पतीशी संबंध येतो तो चूर्णाची पिशवी, घनवटीची डबी आणि काष्ठौषधींच्या दुकानातील पोते यांच्यामार्फतच.

या दुराव्याची किंमत केवळ शास्त्राभिमानात मोजून भागणार नाही. २०२१ साली मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या काही रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यावर आयुष मंत्रालयाने जे निवेदन काढले, त्यात टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या खऱ्या गुळवेलीऐवजी तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. पुढे दोन्ही बाजूंनी बरेच लेखन झाले. त्या वादाचा निर्णय देण्याचे हे स्थान नव्हे. परंतु ज्या वेलीला आपण अमृता म्हणतो, जी महाराष्ट्रात कुंपणाकुंपणावर चढलेली असते, तिच्याबाबतीत ‘दिलेली काडी नक्की कोणत्या वेलीची?’ हा प्रश्न जाहीरपणे विचारला जावा, हीच गोष्ट आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळींसारखे ठळक उंचवटे असतात. ज्याने दोन्ही वेली एकदा शेजारी पाहिल्या त्याला हा भेद पुन्हा सांगावा लागत नाही. ज्याने पाहिल्या नाहीत त्याला पुस्तकातील वर्णन ऐन वेळी आठवत नाही.

गेल्या शतकाच्या अखेरीस बेल्जियममध्ये असेच घडले आणि त्याचा परिणाम फार दारुण झाला. ब्रुसेल्स येथे वजन कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मिश्रणात स्टेफानिया टेट्रँड्रा या चिनी वनौषधीच्या जागी अरिस्टोलोकिया वर्गातील वनस्पती आली. चिनी व्यापारी नावांत एखाद्या अक्षराचाच फरक होता. शंभराहून अधिक रुग्णांच्या वृक्कांस कायमची इजा झाली. वैद्यक चुकले नव्हते, मात्रा चुकली नव्हती. चुकली होती ती ओळख.

म्हणून आम्ही येथे वनस्पतिउद्यानांविषयी लिहीत आहोत. अलीकडे आपले अनेक वैद्यबंधू आणि फार्मसीचालक परिषदांच्या निमित्ताने किंवा मुलाबाळांकडे म्हणून लंडनला जातात आणि तेथील क्यू उद्यान पाहून येतात. परत आल्यावर ते मोठमोठी काचगृहे आणि फुलांचे ताटवे यांचे वर्णन करतात. ते खोटे नसते. पण वैद्याने पाहावयाचे ते हे नव्हे. आमचे म्हणणे असे, की वनस्पतिउद्यान ही मुळात वैद्यांची आणि औषध बनविणाऱ्यांची संस्था आहे, आणि तिच्यातील प्रत्येक झाडाबरोबर ठेवली जाणारी नोंद ही आपण तेथून घेण्याजोगी खरी वस्तू आहे.

औषधविक्रेत्यांची बाग

युरोपातील विद्यापीठांची पहिली वनस्पतिउद्याने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी निघाली. इटलीतील पादुआ येथील उद्यान व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १५४५ साली स्थापन केले. बाजारात एका मुळीच्या नावाखाली दुसरी विकली जाई आणि विद्यार्थ्यांना खरी कोणती हे दाखविण्याची सोय नव्हती, हे त्यामागील कारण होते. तेथे १५८५ साली लावलेला तालकुलातील एक वृक्ष त्याच्यासाठी बांधलेल्या स्वतंत्र काचगृहात आजही उभा आहे. १९९७ साली या उद्यानाचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

लंडनमधील चेल्सी फिजिक गार्डनची कथा आपल्या फार्मसीचालकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. ही बाग कोणत्याही राजाने किंवा विद्यापीठाने काढली नाही. १६७३ साली लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संघाने, म्हणजे आपल्यासारख्याच व्यावसायिकांच्या संघटनेने, थेम्स नदीच्या काठी सुमारे चार एकर जागा घेऊन ती उभारली. हेतू एकच: आपल्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवारांना वनौषधी ओळखता याव्यात. हे उमेदवार वनस्पती शोधण्यासाठी रानावनांतही नेले जात. पुढे बागेची आर्थिक स्थिती ढासळली तेव्हा चेल्सीचे जमीनमालक झालेले प्रख्यात वैद्यक सर हॅन्स स्लोन यांनी १७२२ साली ती जागा वर्षाला अवघ्या ५ पौंड भाड्याने कायमची संघाच्या स्वाधीन केली. मात्र एक अट घातली. संघाने बागेत वाढलेल्या ५० निरनिराळ्या वनस्पतींचे वाळविलेले नमुने दरवर्षी रॉयल सोसायटीकडे पाठवावेत, आणि एकूण नमुने २,००० होईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा.

या अटीतील शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. बाग नुसती हिरवी राहिली म्हणजे झाले, असे स्लोन यांनी मानले नाही. दरवर्षी नवे झाड ओळखले गेले पाहिजे, त्याचा पुरावा वाळवून ठेवला गेला पाहिजे आणि तो दुसऱ्या जाणत्यांच्या नजरेखालून गेला पाहिजे, अशी व्यवस्था त्यांनी भाड्याच्या कागदातच करून ठेवली.

याच बागेत काचगृहाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पाऊल पडले. १६८० च्या दशकात तेथील व्यवस्थापक जॉन वॉट्स यांनी जमिनीखालून ऊब देणारे वनस्पतिगृह उभारले. १६८५ साली तेथे गेलेल्या जॉन एव्हलिन या दैनंदिनीकाराने ही ऊब देण्याची युक्ती नोंदली आहे, आणि चातुर्थिक ज्वरावर गुणकारी ठरलेल्या सालीचे झाड पाहिल्याचेही लिहिले आहे. ही साल म्हणजे सिंकोना. दक्षिण अमेरिकेतील ज्वरघ्न साल लंडनच्या थंडीत जिवंत झाडाच्या रूपाने दाखविण्याची उत्सुकता एका औषधविक्रेत्याला का असावी? साल बाजारात येत होती. तिच्यात भेसळ होत होती. झाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सालीची खात्री नाही, हे त्या व्यवसायाला कळले होते.

चेल्सीची बाग १९८३ पासून सर्वांसाठी खुली आहे. औषधी वनस्पतींचे वाफे आणि लहान लहान काचगृहे तेथे आहेत. क्यूच्या तुलनेने ती अगदी लहान. तरीही लंडनला जाणाऱ्या वैद्याने आधी चेल्सीला आणि मग क्यूला जावे, असे आम्ही सुचवितो. चेल्सीत हेतू कळतो, क्यूमध्ये विस्तार कळतो.

क्यूची काचगृहे कशी पाहावीत

क्यू उद्यानाचा आरंभ १७५९ सालचा. सुमारे ३३० एकरांचा हा परिसर एका दिवसात पाहून होत नाही. आम्ही तेथे गेलो तेव्हा सारे काही पाहण्याचा मोह सोडून काचगृहांपुरतेच लक्ष मर्यादित केले, आणि तसे करणे इष्ट असे वाटले.

१८४४ ते १८४८ या काळात लोखंड आणि काच यांनी बांधलेले पाम हाऊस हे सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या नूतनीकरणाची मोठी योजना जाहीर झालेली असल्याने जाण्यापूर्वी चौकशी करून जावे. या गृहातील उष्ण दमट हवा कोकणातल्या माणसाला परकी वाटत नाही. फणसासारखी ओळखीची झाडे भेटतात, कोको, रबर अशी ऐकून माहीत असलेली दिसतात, आणि त्यांत आपल्याकडे तुळशीवृंदावनाशेजारी उगवणारी सदाफुली मानाने लावलेली आढळते. ही वनस्पती मूळची मादागास्कर बेटावरील. मधुमेहावरील लौकिक उपयोगाचा मागोवा घेत असताना १९५० च्या दशकात संशोधकांना तिच्या अर्काने रक्तातील श्वेतकण घटतात असे आढळले, आणि त्यातून विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे निघाली. आपण जिला दारातले झाड म्हणून ओलांडून जातो, तिच्यासमोर परदेशातील प्रवासी थांबून पाटी वाचतात. पाहणे आणि लक्ष देऊन पाहणे यांतील अंतर येथे कळते.

१९८७ साली उघडलेल्या प्रिन्सेस ऑफ वेल्स काचगृहात वैद्याने सर्वांत अधिक वेळ द्यावा. एकाच छताखाली येथे दहा प्रकारची हवामाने राखलेली आहेत. कोरड्या वाळवंटी दालनातून निघून काही पावलांत आपण दमट अरण्याच्या दालनात येतो. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप आणि साधारण या देशांचे वर्णन आपण सर्वांनी पाठ केलेले असते. परीक्षेत ते लिहून गुणही मिळविलेले असतात. परंतु जांगल देशातील वनस्पतीचे पान लहान, जाड, केसाळ किंवा काटेरी का होते, खोड पाणी का साठविते, आणि आनूप देशातील पान रुंद, पातळ व पाणी ओघळून जावे असे टोकदार का होते, हे तेथे दोन दालनांच्या सीमेवर उभे राहिल्यास कोणी न सांगता समजते. देशाचा परिणाम वनस्पतीच्या शरीरावर कसा उमटतो याचा एवढा स्पष्ट पाठ आम्हांस अन्यत्र मिळाला नाही. द्रव्यगुणाच्या अध्यापकांनी तर विद्यार्थ्यांना देशविचार शिकविताना या कल्पनेचा अवश्य उपयोग करावा. दोन कुंड्या, एक कोरफडीची आणि एक हळदीची, शेजारी ठेवूनही त्याची सुरुवात होऊ शकेल.

२००६ साली बांधलेले पर्वतीय वनस्पतींचे काचगृह याच्या अगदी उलट. काचगृह म्हणजे ऊब, ही आपली समजूत तेथे मोडते. उंच पर्वतावरील वनस्पतींना गारवा, खेळता वारा आणि भरपूर उजेड हवा असतो. तेव्हा ते गृह गरम हवा वर निघून जावी आणि खालून गार हवा यावी अशा रचनेने बांधले आहे. कुटकी, अतिविषा, जटामांसी या हिमालयातील उंचीवरच्या वनस्पती आपल्या पठारावर का रुजत नाहीत, याचे उत्तर त्या रचनेत आहे. त्या जेथे वाढतात तेथूनच त्या येणार, आणि तेथून त्या संपल्या तर आपल्या कोणत्याही शेतात त्या सापडणार नाहीत.

पाटीवरील क्रमांक

या सर्व काचगृहांत आमचे लक्ष झाडांइतकेच त्यांच्या पाट्यांनी वेधून घेतले. पाटीवर शास्त्रीय नाव असते, कुल असते, मूळ प्रदेश असतो आणि एक क्रमांक असतो. सर्वसाधारण प्रेक्षक त्या क्रमांकाकडे पाहत नाही. परंतु तोच त्या झाडाचा जन्मदाखला होय. त्या क्रमांकावरून नोंदपुस्तकात पाहिले असता ते झाड कधी आले, कोणी आणले, कोणत्या ठिकाणाहून आणले, हे शोधता येते. पाम हाऊसमधील सायकसवर्गातील एक वृद्ध वनस्पती फ्रान्सिस मॅसन यांनी १७७५ साली दक्षिण आफ्रिकेतून आणली, हे आज आपण निःशंकपणे सांगू शकतो ते या नोंदीमुळे. उद्यानाच्या वनस्पतिसंग्रहालयातील सुमारे ७० लाख वाळविलेल्या नमुन्यांनाही हाच नियम आहे. नोंद नसेल तर झाड कितीही सुंदर असले तरी शास्त्राच्या दृष्टीने ते अनाथ.

आता आपल्या गोदामाकडे वळून पाहावे. दशमुळांचे पोते येते. त्यातील पाटला, श्योनाक, अग्निमंथ कोणत्या वृक्षाचे, कोणत्या तालुक्यातील, कोणत्या महिन्यात काढलेले, मुळाचे की खोडाच्या सालीचे, याची कोणती नोंद पोत्याबरोबर येते? बहुधा व्यापाऱ्याचे बिल येते आणि त्यावर वजन व दर एवढेच असते. अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसुपालवाची साल येते. नागकेशर म्हणून सुरंगीच्या कळ्या येतात. रास्ना या एकाच नावाने उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरी आणि बंगालकडे वृक्षावर वाढणारी तिसरीच वनस्पती वापरली जाते. यांपैकी काही शास्त्रातील जुने मतभेद आहेत, काही प्रांतभेद आहेत, आणि काही निव्वळ फसवणूक आहे. परंतु नोंद नसेल तर मतभेद कोणता आणि भेसळ कोणती हेसुद्धा सांगता येत नाही. पदेशास्त्री आणि डॉ. वामन गणेश देसाई यांच्यासारख्यांनी मराठीत वनौषधींचे ग्रंथ रचले ते झाडे पाहून. त्यांचे ग्रंथ आपण वाचतो. त्यांची पद्धत मात्र आपण सोडून दिली.

या काचगृहांची दुसरी बाजूही न लपविता सांगितली पाहिजे. ती साम्राज्याची साधने होती. ब्राझीलमधून १८७६ साली आणलेले रबराचे बी क्यूच्या काचगृहांत रुजवून त्याची रोपे पूर्वेकडील वसाहतींत धाडली गेली, आणि सिंकोनाची लागवड निलगिरीत आणण्याच्या खटपटीतही क्यूचा हात होता. ज्यांच्या अरण्यातून ही झाडे गेली त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. हे आम्ही विसरत नाही. परंतु या इतिहासाने एक बोचरा प्रश्न आपल्यालाही विचारला आहे. त्यांनी जे नेले त्याची नोंद ठेवली. आपल्याजवळ जे होते त्याची नोंद आपण ठेवली काय?

ज्या एका प्रसंगी ती नीट ठेवली गेली त्याचा आपल्याला अभिमान वाटावा. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांनी सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यातील ज्ञान मुख्यतः इट्टी अच्युतन या केरळीय वैद्याचे होते. त्यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी भाषक वैद्यही या कामात होते. या तिघांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. झाड समोर ठेवून, ते ओळखून, आपल्या सहीनिशी साक्ष देणारे हे वैद्य आपले पूर्वसूरी आहेत. ओळख पटवून तिच्याखाली नाव घालणे ही पाश्चात्त्यांची उसनवारी मानण्याचे म्हणूनच कारण नाही.

काचेची मर्यादा

वनस्पतिउद्यानाची आणि विशेषतः काचगृहाची मर्यादाही आपण जाणून असावे. काचगृहातील वनस्पतीला वारा माहीत नाही, भुंगे माहीत नाहीत, खरा ऋतू माहीत नाही. मुळे ग्रीष्म-शिशिरात, साल व कंद शरदात, सार हेमंतात घ्यावे असा जो काळनियम चरकाचार्यांनी घालून दिला, त्याला तेथे अर्थ उरत नाही. हात लावण्यास मनाई असल्याने गंध पुरता कळत नाही आणि रस तर कळूच शकत नाही. म्हणून काचगृहात रूप शिकावे. रस, वीर्य, विपाक शिकावयास मातीतल्या झाडाकडेच यावे. गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना वनौषधींची नावे व रूपे ठाऊक असतात, पण एवढ्याने भागत नाही. देशकालानुसार योजना जाणणारा तोच श्रेष्ठ वैद्य, असा चरकाचा अभिप्राय आहे. आजची अवस्था अशी, की योजना जाणण्याचा दावा करणारे आपण, त्या गुराख्याला जे ठाऊक असते तेवढेही जाणत नाही.

मर्यादेचे दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. १८६३ साली उघडलेल्या आणि मोठ्या जीर्णोद्धारानंतर २०१८ साली पुन्हा खुल्या झालेल्या टेंपरेट हाऊसमध्ये एन्सेफॅलार्टोस वुडाय नावाची सायकसवर्गातील वनस्पती आहे. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतील एका अरण्याच्या कडेला तिचे एकच झाड सापडले. ते नर होते. १८९९ साली त्याचा एक भाग क्यूला आला. आज जगातील उद्यानांत या जातीची जी झाडे आहेत ती सर्व त्या एका नराच्या फुटव्यांपासून वाढविलेली आहेत. मादी झाड अद्याप कोणास मिळालेले नाही. अलीकडे, २०२४ साली, ड्रोनमधून छायाचित्रे घेऊन तिचा शोध करण्याचे प्रयत्नही प्रसिद्ध झाले. झाड सुस्थितीत आहे, त्याला पाणी, खत, ऊब सर्व मिळते. परंतु त्याला बीज नाही, म्हणून त्याचा वंश नाही.

या झाडासमोर फार्मसीचालकाने थोडा वेळ उभे राहावे. कुष्ठ ही वनस्पती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक निर्बंधांच्या यादीत, म्हणजे ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. कुटकी, जटामांसी आणि सर्पगंधा दुसऱ्या परिशिष्टात आहेत. यांची मुळे उपटली की रोप संपते. फळ धरण्यापूर्वी उपटले की बीजही संपते. ‘उद्यानात जतन होईल’ असे म्हणून आपली सुटका होणार नाही. उद्यान एखादी जात काचेत जिवंत ठेवू शकेल. आपल्या कल्पांना वर्षाकाठी लागणारी पोती ते देणार नाही.

दापोडीची आठवण

हे सर्व विलायतेचे झाले, आपल्याकडे असे काही नव्हते, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. पुण्याजवळ मुळा आणि पवना यांच्या संगमापाशी दापोडी येथे मुंबई इलाख्याचे सरकारी वनस्पतिउद्यान होते. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ साली, ते सुरू झाले. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन या शल्यवैद्याने त्याची धुरा वाहिली. सरकारी औषधभांडारासाठी लागणाऱ्या औषधी वनस्पती येथेच पिकवून औषधे सिद्ध करण्याचे काम त्यांनी केले, आणि १८४७ साली तेच मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. नाव अज्ञात राहिलेल्या एका भारतीय चित्रकाराने त्या उद्यानातील वनस्पतींची शंभराहून अधिक चित्रे काढली. ती आज एडिनबरोच्या वनस्पतिउद्यानाच्या संग्रही आहेत. १८६५ साली दापोडीचे उद्यान बंद पडले. चित्रे परदेशात सुरक्षित आहेत. उद्यानाची आठवण मात्र पुण्यातील वैद्यांनाही क्वचितच असते.

काही आक्षेप

आता प्रयोगशाळा आल्या, सूक्ष्मदर्शक आले, वर्णलेखनाने घटक तपासता येतात, मग झाड पाहत बसण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप सुशिक्षित फार्मसीचालकांकडून येतो. प्रयोगशाळेचे महत्त्व आम्हांस मान्य आहे. चूर्ण झालेल्या द्रव्याची परीक्षा डोळ्यांनी होत नाही हेही मान्य आहे. परंतु प्रयोगशाळा ज्या प्रमाण नमुन्याशी तुलना करते, तो नमुना कोठून येतो? कोणीतरी जाणत्याने जिवंत झाड पाहून, ओळखून, त्याचा भाग वाळवून, त्याला क्रमांक देऊन ठेवलेला असतो. प्रमाणच चुकीचे असेल तर यंत्र ती चूक मोठ्या अचूकतेने पुन्हा पुन्हा सांगत राहील.

दुसरा आक्षेप वेळेचा. दवाखाना सोडून झाडे पाहत कोण हिंडणार? वर्षातील तीनशे पासष्ट दिवसांतून दोन दिवस या कामी देता येत नसतील, तर आपण ज्या द्रव्यांवर विश्वासून रुग्णाला आश्वासन देतो, तो विश्वास कशावर आधारलेला आहे, याचा प्रत्येकाने शांतपणे विचार करावा.

काय करता येईल

संघटनेच्या प्रत्येक शाखेने वर्षातून दोन वनस्पतिभेटी ठरवाव्यात, एक वर्षा ऋतूच्या अखेरीस आणि एक वसंतात. कारण एकाच झाडाचे पान, फूल आणि फळ एका भेटीत दिसत नाही. त्यासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात सह्याद्रीतील दुर्मीळ वनस्पतींचे, विशेषतः कंदीलपुष्पांचे, जतनाचे काम झालेले आहे. मुंबईत भायखळ्याचे वीर जिजामाता उद्यान एकोणिसाव्या शतकातील वृक्षसंग्रह राखून आहे. पुण्याचे एम्प्रेस गार्डन आहे. भेटीस जाताना दहाच नावांची यादी न्यावी. ज्या द्रव्याविषयी शंका येते तेच द्रव्य यादीत असावे. दहा झाडे नीट पाहणे हे शंभर पाट्या वाचण्यापेक्षा हितावह.

चेल्सीच्या अटीचे अनुकरण आपणांस सहज करता येईल. प्रत्येक शाखेने वर्षाला पन्नास नव्हे, निदान दहा वनौषधींचे नमुने रीतसर वाळवून, ठिकाण, दिनांक, संग्राहकाचे नाव आणि स्थानिक मराठी नाव लिहून, जाणकार संस्थेकडून त्यांची ओळख पटवून घ्यावी. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा पश्चिम विभाग आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम आहे. दहा वर्षांत एका शाखेकडे शंभर प्रमाण नमुने जमतील. त्या जिल्ह्यातील कोणताही वैद्य किंवा दुकानदार शंका आली तर तेथे जाऊन ताडून पाहू शकेल.

फार्मसीचालकांकडून आमची अपेक्षा याहून थोडी अधिक आहे. गोदामात येणाऱ्या प्रत्येक पोत्याला उद्यानातील झाडाप्रमाणे क्रमांक द्यावा. द्रव्याचे नाव, वनस्पतीचे शास्त्रीय नाव, अंग, गोळा करणाऱ्याचे किंवा शेतकऱ्याचे नाव, गाव आणि महिना एवढे सहा रकाने पुरेत. व्यापारी प्रथम हसेल, मग कुरकुर करील, परंतु दोन-तीन मोठे ग्राहक एकत्र आले की माहिती देऊ लागेल. ज्याला ती देताच येत नाही, त्याच्याकडून माल घेऊ नये. भाव किलोमागे काही रुपये वाढेल, हे आम्ही जाणतो. तो वाढीव भाव ओळखीचा आहे, आणि तो देण्यास कांकू करणाऱ्याने आपल्या लेबलावर ‘शुद्ध’ हा शब्द छापताना विचार करावा.

आपल्याकडील उद्यानांच्या पाट्यांवर शास्त्रीय नावासोबत संस्कृत आणि मराठी नाव असावे, यासाठी शाखांनी त्या त्या उद्यानाकडे विनंती करावी आणि नावे निश्चित करून देण्याचे काम स्वतः अंगावर घ्यावे. यात खर्च अत्यल्प आहे. सीता-अशोकाच्या खोडावरील पाटी वाचून एखाद्या विद्यार्थ्याला आसुपालव आणि अशोक यांतील भेद कायमचा कळला, तर ते काम पुष्कळ झाले.

औषधविक्रेत्यांच्या एका संघाने साडेतीनशे वर्षांपूर्वी चार एकरांत जे केले ते आपल्या संघटनेला अशक्य नाही. आपल्याजवळ सह्याद्री आहे, विद्यापीठे आहेत, वनस्पतिसंग्रहालये आहेत आणि अजून काही जाणते वनवासीही आहेत. उणीव आहे ती झाडासमोर जाऊन उभे राहण्याची, त्याची ओळख पटविण्याची आणि त्या ओळखीखाली आपले नाव लिहिण्याची. येत्या वर्षा ऋतूनंतरच्या भेटीचा दिनांक प्रत्येक शाखेने आपल्या पुढील बैठकीत ठरवावा, अशी आमची सर्व वाचक वैद्यांस आणि फार्मसीचालकांस विनंती आहे.